पडून राहण्याचा इतिहास

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. या दोन्ही भाषांत आजाराचे नाते अंथरुणाशी जोडलेले आहे. मराठीत माणूस 'आजारी पडतो', दुखणे वाढले की 'अंथरूण धरतो', आणखी वाढले की 'खाटेला खिळतो'. उर्दूतही तो 'बीमार पडतो' आणि पुढे 'साहिब-ए-फराश' होतो, म्हणजे बिछान्याचा धनी. आपल्या घरात कुणाला साधा ताप आला तरी पहिला हुकूम सुटतो, "उठू नकोस, पडून राहा." या हुकुमात माया असते, त्यामुळे तो कुणी तपासून पाहत नाही.

पण पडून राहण्यालाही इतिहास आहे. डॉक्टरांनी ते औषध म्हणून लिहून दिले, आठवडे-आठवडे दिले, आणि ते औषध बाधतेही हे त्यांना बऱ्याच उशिरा कळले. या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. माणूस आडवा असताना, बसलेला असताना आणि उभा असताना त्याच्या मेंदूपर्यंत रक्त कसे पोहोचते?

हा प्रश्न शाळेच्या मैदानावर रोज उभा असतो. उन्हाळ्याच्या दिवसांत परिपाठ लांबला की सावधानमध्ये उभा असलेला एखादा मुलगा पांढरा पडतो आणि कोसळतो. कुणी म्हणते उपाशी आला असेल, कुणी म्हणते नजर लागली. उपाशीपोटी हे लवकर घडते हे खरे. पण मुख्य कारण त्याचे न हलता उभे राहणे आहे. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरहून अधिक रक्त पाय आणि पोटाच्या खालच्या भागातील शिरांमध्ये उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्या शिरा पिळतात आणि रक्त वर ढकलतात. सावधानमध्ये पोटऱ्या गप्प असतात. हृदयाकडे रक्त कमी येते, मेंदूकडे कमी जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तो पडतो, आडवा होतो आणि काही क्षणांत शुद्धीवर येतो. त्याचे पडणे हाच त्याच्या शरीराने केलेला उपाय असतो. म्हणून अशा मुलाला उचलून खुर्चीवर बसवू नये. तिथेच निजवावे आणि पाय थोडे वर धरावेत.

मेंदूची गरज मोठी आहे. त्याचे वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा खातो. हा पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. त्यातून उभ्या माणसाचा मेंदू हृदयापेक्षा साधारण तीस सेंटिमीटर उंचावर असतो. त्या उंचीमुळे तिथला रक्तदाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा वीस-पंचवीस अंकांनी कमी भरतो. तरीही आपण दिवसभर उभे राहतो, चालतो, शिकवतो आणि बेशुद्ध पडत नाही. हे कसे जमते, हे उलगडायला माणसाला फार काळ लागला.

रक्त फिरते हेच आधी ठाऊक नव्हते

जालीनूसच्या, म्हणजे गॅलनच्या काळापासून वैद्य मानत होते की रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत जिरते. दमिश्कजवळ जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न नफीस यांनी तेराव्या शतकात सांगितले की रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते आणि तिथून डाव्या कप्प्यात येते. त्यांनी हे लिहिले ते इब्न सिना यांच्या 'अल-कानून'मधील शरीररचनेवरच्या भाष्यात. ते हस्तलिखित १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातून उजेडात आणले. संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण मात्र विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले.

इब्न सिना यांचे नाव इथे आणखी एका कारणाने येते. आपल्याकडच्या हकिमांच्या यूनानी परंपरेत आरोग्याची सहा आवश्यक कारणे सांगतात, 'असबाब-ए-सित्ता जरूरिया'. हवा, खाणेपिणे, झोप आणि जाग यांच्या रांगेत एक जोडी आहे, शरीराची हालचाल आणि शरीराची विश्रांती. जुन्या वैद्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या, आणि दोन्हींत समतोल सांगितला होता. पुढच्या काळात या जोडीतली एकच बाजू उचलली गेली.

ससे, तराजू आणि एक शेतकरी

डोके वर किंवा खाली केल्याने मेंदूतले रक्त बदलते का, यावर पहिला मोठा वाद एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये झाला. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये म्हटले होते की कवटी ही बंद हाडांची पेटी आहे, त्यामुळे तिच्यातले रक्त कमीजास्त होऊ शकत नाही. लीथचे डॉक्टर जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये त्याला दुजोरा दिला. रक्त वाहून मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूतही पुष्कळ रक्त शिल्लक असते, असे त्यांना आढळले. १८४६ मध्ये लंडनचे जॉर्ज बरोज यांनी हे पुन्हा तपासले. त्यांनी मारलेल्या सशांपैकी एकाला कानांनी टांगले, दुसऱ्याला मागच्या पायांनी. पहिल्याचा मेंदू फिकट निघाला, दुसऱ्याचा रक्ताने भरलेला. शरीराची ठेवण बदलली की मेंदूतले रक्त बदलते, हे त्यांनी दाखवले. पण ते ससे मेलेले होते. जिवंत शरीर गुरुत्वाकर्षणासमोर असे मुकाट लोंबकळत नाही.

जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याची संधी इटलीतील तुरीन शहरात आंजेलो मोस्सो यांना मिळाली. अपघातात कवटीला भोक पडलेला बर्तिनो नावाचा एक शेतकरी त्यांच्याकडे होता. त्या भोकातून मेंदूचे ठोके मोजता येत. एकदा दुपारी चर्चची घंटा वाजली आणि मेंदूचे ठोके मोठे झाले. हाताच्या नाडीत मात्र फरक नव्हता. घंटा ऐकून प्रार्थनेची आठवण झाली का, असे मोस्सो यांनी विचारले, तेव्हा तो हो म्हणाला. विचार केला की मेंदूतले रक्त हलते, याची ही फार जुनी नोंद. पुढे मोस्सो यांनी माणसाला निजवता येईल असा लाकडी तराजू बनवला. तो नीट तोलून ठेवायचा आणि मग त्या माणसाला काही वाचायला किंवा विचार करायला द्यायचे. रक्त मेंदूकडे गेले की डोक्याची बाजू खाली झुकते, असे त्यांचे म्हणणे होते.

१८९५ मध्ये इंग्लंडच्या लिओनार्ड हिल यांनी खरी किल्ली शोधली. उभे केल्यावर रक्त खाली साचू नये म्हणून पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ही व्यवस्था बधिर केली तर रक्त पोटात साचते आणि मेंदू कोरडा पडतो. त्यांचे सशांबद्दलचे एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. पिंजऱ्यात वाढलेला, सैल पोटाचा ससा उभा धरून ठेवला तर थोड्या वेळात बेशुद्ध होतो. रानातला ससा होत नाही. आणि पिंजऱ्यातल्या सशाच्या पोटाला पट्टा आवळून बांधला, तर तोही सावरतो. म्हणजे उभे राहिल्यावर मेंदूला रक्त पोचवणे ही सवयीने टिकणारी ताकद आहे. ती वापरली नाही तर जाते.

पुढच्या शोधांनी बाकीचे चित्र भरले. १९२०च्या दशकात जर्मनीचे हेरिंग यांनी दाखवले की मानेतल्या मोठ्या धमनीत रक्तदाब ओळखणारे एक पहारेकरी ठिकाण असते. दाब घसरला की तिथून खबर जाते, हृदय जोरात धावते, वाहिन्या आवळतात. १९४५ मध्ये अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची रीत काढली. निरोगी तरुणांत तो दर मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर भरला, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटर. १९५९ मध्ये डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी तोवरचे पुरावे एकत्र करून मांडले की रक्तदाब बऱ्याच मर्यादेपर्यंत वरखाली झाला तरी मेंदू आपल्या वाहिन्या आवळून किंवा सैल करून स्वतःचा पुरवठा जवळपास तोच ठेवतो. मेंदू मिळेल तेवढे रक्त घेत बसत नाही. त्याला हवे तेवढेच घेतो.

खाट हे औषध झाले

हे शोध चालू होते त्याच काळात रुग्णालयांत उलटी दिशा होती. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना यांवर दिलेली व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि विश्रांती ही शस्त्रक्रियेइतकीच मानाची चिकित्सा ठरली. फिलाडेल्फियाचे सायलस वीअर मिचेल यांनी 'रेस्ट क्युअर' प्रसिद्ध केला. यात बहुतेक रुग्ण स्त्रिया. त्यांना सहा-आठ आठवडे खाटेवर ठेवायचे, भरपूर दूध पाजायचे, आणि वाचन, लेखन, शिवण, भेटीगाठी सगळे बंद. सुरुवातीला उठून बसायलाही मनाई. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ मध्ये हा उपचार घेतला, त्याने त्या वेडाच्या काठावर पोहोचल्या, आणि १८९२ मध्ये त्यावर एक गाजलेली कथा लिहिली. विश्रांतीच्या नावाने कुणाचे तोंड बंद करता येते, हे त्या कथेने दाखवले.

विसाव्या शतकात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा आठवडे आडवे ठेवण्याची पद्धत पडली. बाळंतिणीला दीड-दोन आठवडे, हर्नियाच्या रुग्णाला दोन-तीन आठवडे. क्षयरोग्याला महिनोन्‌महिने.

माझी नानी नव्वदच्या दशकात अंगणात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले नाही. घरी अडीच महिने ती पाठीवर होती. मामी तिला भरवायची, अम्मी तिचे अंग पुसायची, शेजारच्या बायका येऊन दुआ करायच्या. सेवेत कसर नव्हती. मग एके दिवशी तिला उठवून बसवले. तिचे डोळे फिरले, ओठ पांढरे पडले. "अभी कमजोरी है," असे म्हणून तिला पुन्हा निजवले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दर वेळी ती चक्कर ही अजून विश्रांती हवी असल्याची खूण मानली गेली. नानी पुन्हा कधी उभी राहिली नाही, आणि पुढचा रमजान तिने पाहिला नाही. हिलचा पिंजऱ्यातला ससा मी पुढे कधीतरी वाचला, तेव्हा मला नानीची खाट आठवली. चक्कर हे कमजोरीचे लक्षण होतेच. पण त्या कमजोरीचा मोठा हिस्सा खाटेने दिलेला होता.

खाट काय करते

माणूस आडवा झाला की पायातले रक्त छातीकडे सरकते. शरीराला वाटते की पाणी जास्त झाले, म्हणून मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. थोड्याच दिवसांत रक्तातील द्रवभाग साधारण दहा टक्क्यांनी घटतो. पोटऱ्या सुकतात, हृदय सुस्तावते, आणि दाब सावरणारी यंत्रणा सराव सोडते. आडवे असेपर्यंत यातले काही जाणवत नाही, कारण मेंदू हृदयाच्या पातळीवर असतो. उठून बसले की हिशेब समोर येतो.

डॉक्टरांच्या जगात हे उघडपणे बोलले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. खाटा कमी, जखमी जास्त, त्यामुळे रुग्णांना लवकर उठवावे लागले, आणि ते लवकर बरे होताना दिसले. १९४४ मध्ये विल्यम डॉक या अमेरिकन डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांतीच्या दुष्परिणामांवर लेख लिहिला. १३ डिसेंबर १९४७च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांचा खाटेवर जाण्याच्या धोक्यांविषयीचा लेख आला. फुप्फुसे, पायातल्या गुठळ्या, पाठीवरचे व्रण, सांधे, हाडे, मूत्राशय, मन, एकेक घेऊन त्यांनी खाट काय करते ते सांगितले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डीट्रिक आणि सहकाऱ्यांनी चार निरोगी तरुणांना कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये सहा-सात आठवडे निजवले. नंतर तिरक्या फळीवर उभे केल्यावर त्यांना पूर्वीपेक्षा सहज घेरी येऊ लागली. हे धडधाकट तरुण होते, आजारी नव्हते.

१९५२ मध्ये बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या ८१ रुग्णांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसवले. अनेक डॉक्टर घाबरले, पण रुग्णांचे नुकसान झाले नाही. सहा आठवड्यांची सक्ती तिथून ढासळू लागली. १९६६ मध्ये डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे आडवे ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की त्या तीन आठवड्यांनी त्यांची दमसास जितकी खाली आणली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानेही आणली नव्हती.

यातला एक अध्याय आपल्या देशातला आहे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या उपचार केंद्रात एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये खाट, पौष्टिक आहार आणि औषधे, तर काहींना तीच औषधे घेऊन गरीब वस्तीतल्या आपल्या घरी पाठवले. घरच्यांना जेवण कमी, विश्रांती कमी. १९५९ मध्ये निकाल आला. दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. बरे करणारे औषध होते, खाट नव्हती. त्यानंतर जगभर क्षयरोग्याला घरी ठेवून उपचार करण्याचा मार्ग मोकळा झाला.

अंतराळातूनही हाच धडा आला. जून १९७० मध्ये सोयूझ-९ यानातून १८ दिवसांनी परतलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांना धड उभे राहता येत नव्हते. वजनरहित अवस्था आणि खाट शरीराशी सारखेच वागतात, म्हणून शास्त्रज्ञ आजही स्वयंसेवकांना सहा अंश डोके खाली अशा खाटेवर आठवडे-आठवडे निजवून अभ्यास करतात.

पक्षाघात आणि उशी

मग पक्षाघात झालेल्या माणसाला निजवावे की उठवावे? इथे उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ करून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की त्या भागाची स्वतःचा पुरवठा सांभाळण्याची ताकद जाते. मग डोके खाली असले तर रक्त जास्त पोचेल, असा तर्क आहे. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ११,०९३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. पहिले २४ तास सपाट निजवलेले आणि डोके तीस अंश वर ठेवलेले, यांच्या तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वात फरक आढळला नाही. पण मोठी वाहिनी बंद झालेल्या काही रुग्णांत, गुठळी काढेपर्यंतच्या थोड्या वेळात सपाट निजवणे उपयोगी पडते, असे अलीकडच्या एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. उलट डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली असेल तर डोके वर ठेवतात.

आणि लवकर उठवावे म्हणजे किती लवकर? २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या २४ तासांतच खूप वेळा आणि जोरात उठवलेल्या रुग्णांचा निकाल थोडा वाईट आला. थोडे थोडे करून उठवणे ठीक, घाई ठीक नाही. म्हणजे उठण्यालाही मात्रा आहे, तशीच पडून राहण्यालाही.

सजद्याविषयी फिरणारा संदेश

आपल्या गटांत एक संदेश नेमाने फिरतो की सजद्यात डोके हृदयाच्या खाली जाते, मेंदूला जास्त रक्त मिळते, म्हणून नमाजी माणसाची बुद्धी तेज राहते. शीर्षासनाविषयीही असेच संदेश फिरतात. लासेन यांचे काम आठवले तर यातली अडचण कळते. डोके खाली गेले की दाब वाढतो, पण निरोगी मेंदू लगेच वाहिन्या आवळतो आणि प्रवाह जवळपास तोच ठेवतो. सजदा हा बंदगीचा भाग आहे. त्याला प्रयोगशाळेची शिफारस लागत नाही, आणि चुकीची शिफारस तर मुळीच नको.

नमाजच्या फिक्हमध्ये मात्र या विषयाला खरोखर लागू पडणारी एक गोष्ट आहे. उभे राहता येत नसेल त्याने बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल त्याने कुशीवर, अशी सवलत हदीसमध्ये आहे. म्हणजे आजारी माणसाला सूट आहे, पण सूट पायरीपायरीने आहे. ज्याला जेवढे जमते तेवढे त्याने करावे. खाटेवरच्या माणसाबाबत डॉक्टरांनी दीडशे वर्षे फिरून गाठलेली जागा याच्या फार जवळ आहे.

म्हणून ज्यांच्या घरात वयस्क माणसे आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बुजुर्गांनी फजरला एकदम उठू नये. आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसावे, पावले हलवावीत, मग उभे राहावे. सजद्यातून उठताना अंधारी येत असेल तर खुर्चीवर नमाज पढावी आणि डॉक्टरांना सांगून उभ्याने व निजून असे दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर त्याला वैद्यकात नाव आहे आणि उपायही आहे. आणि कुणी अंथरूण धरले असेल, तर डॉक्टरांना फक्त "कधीपर्यंत निजवायचे" असे विचारून थांबू नका. "उठवायला कधी सुरुवात करायची, आणि कशी" हेही विचारा. फिजिओथेरपिस्ट मिळत असेल तर पहिल्या आठवड्यातच बोलवा.

बरा झालेल्या माणसाविषयी मराठीत आपण म्हणतो, 'आता तो हिंडता-फिरता झाला.' बरे होणे कसे दिसते हे भाषेला आधीच ठाऊक होते. तुमच्या घरात कुणी महिनाभर खाटेवर असेल, तर आज संध्याकाळी डॉक्टरांना विचारून त्यांना पाठीला तक्क्या लावून दहा मिनिटे बसवा. चक्कर आली तर निजवा, घाबरू नका. उद्या पुन्हा बसवा.